चूल विजेची, तार किती जाडीची?

सुरतेहून जळगाव-भुसावळकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर चलथाण नावाचे एक स्थानक लागते. तालुका पलसाणा, जिल्हा सुरत. येथे सहकारी साखर कारखाना आहे, शेजारी कडोदऱ्याला कापड रंगविण्याच्या व छापण्याच्या गिरण्या आहेत, आणि त्यांच्या आसऱ्याने खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे भाड्याच्या खोल्यांतून संसार करीत आहेत. एका ओळीत आठ-दहा खोल्या, ओळीच्या टोकाला मीटरांचा फळा, आणि तेथून प्रत्येक खोलीकडे गेलेल्या तारा, अशी या वस्त्यांची साधारण मांडणी असते. अशाच एका ओळीत गेल्या उन्हाळ्यात मी एका कुटुंबाच्या भेटीस गेलो होतो. त्या भेटीत जे पाहिले आणि पुढे एका जाणत्या वायरमनकडून जे शिकलो, ते वाचकांपुढे ठेवावे असे फार दिवस मनात होते.

घरधनी गिरणीत पाळीने कामाला जातो. त्याची पत्नी गिरणीतल्या एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवणाचे डबे देते. डबे वाढत गेले, तशी तिने गॅसच्या जोडीला एक इंडक्शन शेगडी घेतली आणि काही महिन्यांनी दुसरी. एकीवर भात-वरण, दुसरीवर पोळ्या, गॅसवर भाजी. मी गेलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि तिचे काम ऐन रंगात आले होते. चहाचा आग्रह झाला, मी भिंतीला टेकून बसलो आणि पाठीला भिंत ऊन लागली. वैशाखात भिंत ऊन लागावी यात नवल ते काय? परंतु ती भिंत आतली होती, तिच्यावर ऊन पडतच नव्हते. शिवाय खोलीत वरणाच्या फोडणीखाली दडलेला आणखी एक वास होता. खारवलेली मासळी चुलीत पडावी तसा.

"ताई, हा वास कसला?" मी विचारले.

"बोर्डाचा असेल, फादर. कधीकधी येतो. पण आता लाइट जात नाही हो. पूर्वी रोज अर्ध्या तासाने खटका पडायचा, पोळ्या तव्यावर तशाच राहायच्या. मालकाने माणूस पाठवला, त्याने मोठा खटका बसवून दिला. तेव्हापासून एकदासुद्धा गेली नाही."

ती हे समाधानाने सांगत होती. डबा वेळेवर गेला नाही तर गिऱ्हाईक तुटते, आणि गिऱ्हाईक तुटले तर मुलांची शाळेची फी राहते. तिच्या दृष्टीने तो मोठा खटका म्हणजे उपकारच होता. खरे सांगायचे तर त्या क्षणी माझ्याही ध्यानात काही आले नाही. सेमिनरीत आम्ही कार्यकारणभावावर वर्ष वर्ष खल केला. परंतु खटका का पडतो याचे कारण मी कधी कोणाला विचारले नव्हते. मात्र वास नाकातून जाईना. म्हणून त्याच संध्याकाळी ओळखीच्या एका वयस्क वायरमनला घेऊन परत गेलो. हे गृहस्थ गुजराती. चाळीस वर्षे मराठी शेजारात काढल्याने आपली भाषा चांगली बोलतात, आणि वस्तीत सारे त्यांना काकाच म्हणतात.

काकांनी मीटरजवळचा पुरवठा बंद केला, टेस्टरने खात्री करून घेतली आणि मग फळा उघडला. खटक्यावर ३२ हा आकडा होता. त्याच्यातून निघून खोलीकडे गेलेली तार दीड एमएमची, म्हणजे तांब्याचा छेद दीड चौरस मिलिमीटर. लाल आवरण टोकाशी तपकिरी झाले होते. काकांनी ते दोन बोटांत धरून वाकविले, तशी त्याची खपली निघून हातात आली. आमच्याकडे न पाहताच ते म्हणाले, "बेन, हा खटका पडत नाही, कारण याला पडण्याची मुभाच ठेवली नाही."

आता या वाक्याचा अर्थ नीट उलगडून पाहू. त्यासाठी थोडा हिशेब लागेल; तो शाळकरी मुलालाही जमण्याजोगा आहे.

विजेच्या प्रत्येक उपकरणावर वॉट लिहिलेले असतात. आपल्या घरी येणारा दाब २३० व्होल्ट धरला जातो. वॉटांना २३० ने भागले की त्या उपकरणासाठी तारेतून किती अँपिअर प्रवाह वाहील ते कळते. २००० वॉटची इंडक्शन शेगडी घ्या: ८.७ अँपिअर. १५०० वॉटची किटली किंवा केक भाजण्याची भट्टी साडेसहा अँपिअर घेते, ७५० वॉटचा मिक्सर सव्वातीन. मायक्रोवेव्हच्या बाबतीत फसगत होते. पेटीवर ठळक अक्षरांत ८०० वॉट असते, ती अन्नाला मिळणारी उष्णता होय. भिंतीतून तो त्याच्या दीडपट किंवा त्याहून अधिक ओढतो, आणि तो आकडा मागच्या पट्टीवर बारीक अक्षरांत असतो. तोच धरावा.

आमच्या ताईंच्या घरी दोन शेगड्यांचे १७.४, मिक्सरचे ३.३ आणि फ्रिजचा एखादा, असे जवळजवळ २२ अँपिअर एकदम वाहत होते. पूर्वीचा खटका १६ अँपिअरचा होता. तो थोडा वेळ दम धरी आणि मग पडे. पडत होता हे योग्यच होते.

खटक्याचे आतले काम समजून घेण्यासारखे आहे. त्याच्यात दोन धातू एकमेकांना चिकटवून केलेली एक पट्टी असते. प्रवाहाने ती तापते, दोन्ही धातू सारखे न वाढल्यामुळे वाकते आणि वाकता वाकता कळ सोडविते. ही पट्टी सावकाश काम करते. प्रमाणानुसार खटका आपल्या आकड्याच्या १.१३ पट प्रवाहावर तासभर टिकला पाहिजे आणि १.४५ पट प्रवाहावर तासाच्या आत पडला पाहिजे. म्हणजे १६ चा खटका १८ अँपिअर चालवून घेतो, आणि २३ वर तासाच्या आत पडतो. हे मोजमाप ३० अंश तापमानाचे. मे महिन्यात पत्र्याच्या पेटीत बसलेला खटका याहून लवकर पडतो, त्यात त्याचा दोष नसतो. तारांचा थेट एकमेकांना स्पर्श झाला तर मात्र पट्टीची वाट न पाहता आतील विद्युतचुंबक क्षणार्धात कळ ओढतो. असा खटका १९२० च्या दशकात जर्मनीतील मानहाइम येथे ह्यूगो स्टोट्झ यांच्या कारखान्यात प्रथम घडविला गेला. त्यापूर्वी, आणि आपल्या खेडोपाडी कालपरवापर्यंत, चिनी मातीच्या किटकॅटमधील बारीक तार वितळून हेच काम करीत असे. ती वितळली की तिच्या जागी जाड तांब्याची तार गुंडाळून मोकळे होणारे शूर पुरुष प्रत्येक गावात असत. मीही तारुण्यात एकदा धर्मग्रामाच्या सभागृहात हा पराक्रम केला आहे. सणाची रोषणाई चालू राहिली, टाळ्याही पडल्या. त्या रात्री काही झाले नाही, यात माझे कर्तृत्व काही नव्हते.

३२ च्या खटक्याला २२ अँपिअर म्हणजे काहीच नव्हे. तो जन्मभर पडणार नाही. पण तारेचे काय?

तारेतून प्रवाह गेला की ती तापते, आणि प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता दुप्पट न होता चौपट होते. हा नियम इंग्लंडातील सॅलफर्ड गावच्या एका बिअर करणाऱ्याच्या मुलाने, जेम्स जूल याने, १८४१ साली प्रसिद्ध केला. वीज उकाईच्या धरणावरून आलेली असो की काकरापारच्या अणुवीज केंद्रातून, या नियमातून कोणाची सुटका नाही. घरातील तारेचे साधे पीव्हीसी आवरण ७० अंशांपर्यंत सुखाने नांदते. म्हणून तारेची क्षमता म्हणजे तांबे ७० अंशांवर जाणार नाही इतका प्रवाह. भिंतीतील पाइपातून एकच जोडी गेली असेल आणि बाहेरची हवा ४० अंश असेल, तर दीड एमएमची तार सुमारे १५ अँपिअर, अडीचची सुमारे २१, चारची सुमारे २८ आणि सहाची सुमारे ३६ अँपिअर वाहू शकते. दुकानदाराच्या कागदावर याहून मोठे आकडे आढळतील. ते बहुधा थंड हवेचे किंवा उघड्यावर टाकलेल्या तारेचे असतात. सुरतेच्या उन्हाळ्यात ते उपयोगाचे नाहीत.

पंधराच्या तारेतून २२ गेले की तापमान कोठे जाईल? पंधरा अँपिअरला तार हवेपेक्षा ३० अंशांनी वर जाते. प्रवाह साधारण १.४ पट झाला, म्हणजे ही वाढ दुपटीच्या घरात, ६० अंश. बाहेरचे ४० मिळवा. शंभर. भिंतीच्या आत, मुलांच्या अंथरुणामागे, उकळत्या पाण्याइतकी तापलेली तार रोज सकाळी तीन तास पडून होती. त्यातही त्या पाइपातून शेजारच्या दोन खोल्यांच्या तारा गेल्या होत्या. तीन जोड्या एकत्र असल्या आणि तिन्हींवर भार असला, तर एकमेकींची ऊब लागून प्रत्येकीची क्षमता सातदशांशावर येते. काका म्हणाले ते मला तेव्हा कठोर वाटले होते: "येथे सोळाचासुद्धा जास्तच होता. या तारेला दहाचा पाहिजे."

खटका शेगडीसाठी नसतो, तारेसाठी असतो, ही गोष्ट मला त्या संध्याकाळी समजली. आपण म्हणतो, शेगडी मोठी आणली, आता खटकाही मोठा हवा. क्रम याच्या उलट आहे. आधी उपकरणांचे अँपिअर मोजायचे, त्याहून वरचा खटका निवडायचा, आणि त्या खटक्याहूनही अधिक वाहील अशी तार घालायची. उपकरण सर्वांत लहान, खटका मधला, तार सर्वांत थोर. तार न बदलता केवळ खटका बदलणे म्हणजे राखणदाराला झोपेची गोळी देणे होय.

पैशाच्या बाजूनेही पाहा. मीटरपासून खोलीपर्यंत पंधरा मीटर, जाऊन-येऊन तीस मीटर दीड एमएमची तार. तिचा रोध सुमारे ०.४ ओहम. २२ अँपिअरला तिच्यात १९० वॉट नुसते भिंत तापविण्यात जात होते. रोज तीन तासांच्या हिशेबाने महिन्याला सुमारे १७ युनिट होतात. हे पैसे ती माउली दर महिन्याला भरीत होती, आणि त्या पैशांनी तिचे घर जळायच्या वाटेवर होते.

खटका ज्या संकटातून वाचवीत नाही, त्यांविषयीही सांगितले पाहिजे. कारण एकदा नवा फळा बसला की माणूस निर्धास्त होतो. पहिले संकट सैल जोडाचे. सॉकेटमधील स्क्रू ढिला असला की तेवढ्या जागी एकदशांश ओहमचा रोध सहज तयार होतो. १६ अँपिअरला तेथे पंचवीस वॉट उष्णता निर्माण होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची कथिल वितळविणारी सळई पंचवीस वॉटचीच असते! ती सळई प्लास्टिकच्या बोर्डात खुपसून ठेवल्यासारखे होते, आणि प्रवाह वाढलेला नसल्याने खटक्याला त्याचा पत्ताही लागत नाही. माशासारखा वास येतो तो बहुधा येथूनच. प्लग हाताला ऊन लागला, सॉकेटचे भोक काळवंडले, तर सणवार न पाहता त्याच दिवशी माणूस बोलवावा. जुन्या घरांतून ॲल्युमिनियमच्या तारा आहेत. त्यांना तांब्याची तार नुसती पीळ देऊन जोडली तर तो जोड हमखास सैल होतो.

दुसरे संकट धक्क्याचे. सोळा अँपिअरचा खटका माणसाचा जीव वाचवीत नाही. सोळा अँपिअरच्या पाचशेव्या भागानेही माणसाचा जीव धोक्यात येतो. त्यासाठी आरसीसीबी नावाचे वेगळे उपकरण मिळते. ते ३० मिलिअँपिअरचे घ्यावे. प्रवाह जितका गेला तितका परत आला नाही, वाटेत कोणाच्या अंगातून जमिनीत चालला, हे ओळखून ते पुरवठा तोडते. त्याच्या जोडीला अर्थिंगची हिरवी तार हवी. तीन खिळ्यांच्या प्लगाचा जाड खिळा कापून तो दोन भोकांत बसविलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे. ओल्या फरशीवर, ओल्या हाताने, स्टीलच्या भांड्याला हात लावणाऱ्या गृहिणीच्या घरी हे करणाऱ्या माणसाला काय म्हणावे ते मला सुचत नाही.

प्लगाविषयी एक शब्द. आपल्याकडे लहान सॉकेट ६ अँपिअरचे आणि मोठे १६ चे. लहानाला १३८० वॉटांपलीकडे भार नको. शेगडी, भट्टी, किटली, पाणी तापवायची रॉड ही सारी मोठ्या सॉकेटची गिऱ्हाइके आहेत. त्यांना लहान सॉकेटमध्ये बसविणारे अडॅप्टर बाजारात मिळतात, म्हणून ते योग्य ठरत नाहीत. एक्स्टेन्शनची दोरी तर बहुधा पाऊण एमएमची असते. तिच्यावर शेगडी आणि किटली एकदम लावली की पंधरा अँपिअर होतात. ती दोरी सहाची. नाताळच्या आठवड्यात आपल्या घरोघरी केकच्या भट्ट्या निघतात, शेजारणी एकमेकींच्या घरी जमतात, आणि एकाच बोर्डावर दोन भट्ट्या व वर अंडी फेटण्याचे यंत्र चालते. त्या आठवड्यात मी आता प्रत्येक स्वयंपाकघरात भिंतीला हात लावून पाहतो. लोकांना वाटते, फादर भिंतीला आशीर्वाद देत आहेत.

आता त्या खोलीकडे परत येतो. तार बदलायची हे ठरले. पण खर्च कोणी करायचा? खोली भाड्याची. मालकाचे म्हणणे, शेगड्या तुमच्या, धंदा तुमचा, तार तुम्ही घाला. घरधन्याचे म्हणणे, भिंत तुमची, ती आम्ही का सजवावी? ताई गप्प होत्या, कारण बोलणे वाढले तर खोली सोडावी लागेल ही भीती. मला मालकाचा राग आला होता आणि तो मी लपविला नाही. परंतु काकांनी रागाने न बोलता एकच गोष्ट केली. तारेवरून निघालेली ती तपकिरी खपली मालकाच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "शेठ, या पाइपातून तुमच्या तीन खोल्यांची वायर जाते." सुरतेच्या माणसाला आगीविषयी फार समजावून सांगावे लागत नाही. २४ मे २०१९ रोजी सरथाणा भागातील तक्षशिला इमारतीच्या आगीत २२ जणांचे प्राण गेले. त्या आगीचे मूळ विजेच्या बिघाडात असल्याचे तेव्हा सांगितले गेले होते. मालकाने खपली बराच वेळ पाहिली. मीटरपासून खोलीपर्यंतची तार तो घालील, खोलीच्या आतले काम भाडेकरू करील, असे ठरले. मीटरावरील मंजूर भार दोन शेगड्यांना पुरणारा नव्हता. तो वाढविण्याचा अर्ज दक्षिण गुजरात वीज कंपनीकडे मालकाच्याच नावाने करावयाचा होता. तोही त्याने केला, थोडे कुरकुरत.

काम परवानाधारक ठेकेदाराकडून झाले, काका देखरेखीला उभे होते. मीटरपासून खोलीपर्यंत स्वतंत्र पाइपातून सहा एमएमची तार आली. खोलीत छोटा फळा बसला. तेथून स्वयंपाकाच्या ओट्याकडे अडीच एमएमच्या दोन वेगळ्या जोड्या गेल्या, प्रत्येकीला स्वतःचा १६ चा खटका आणि १६ अँपिअरचे एकच सॉकेट. दोन्ही जोड्या एका पाइपातून नेल्यामुळे अडीचच्या तारेची क्षमता २१ वरून पावणेसतरापर्यंत उतरते, तरीही ती सोळाच्या वर राहते. शेगडी तर नऊसुद्धा घेत नाही. मी विचारले, एकच चार एमएमची तार घालून दोन्ही शेगड्या तिच्यावर घेतल्या असत्या तर? काका म्हणाले, "चालले असते. पण एक बंद पडली, तर बेनच्या पोळ्या दुसरीवर झाल्या पाहिजेत ना?" दिवे, पंखा, मिक्सर व फ्रिज यांचे खटके निराळे केले. न्यूट्रलची काळी तार लालइतकीच जाड घातली. जितका प्रवाह जातो तितकाच परत येतो, तेथे काटकसर करणारे वायरमन आहेत म्हणून हे लिहितो. तारेवर आयएसआयचे चिन्ह आहे हे काकांनी गुंडाळी सोडण्यापूर्वी चष्मा लावून पाहिले.

जुनी दीड एमएमची तार पाइपातून ओढून काढली, तेव्हा ती मधेच दोन ठिकाणी चिकटून बसली होती. त्या जागी शेजारच्या खोलीच्या तारेचे आवरणही मऊ होऊन तिला लागले होते. ती तारही त्याच दिवशी बदलली.

तो ३२ चा मोठा खटका काकांनी फेकला नाही. पुसून, कळ चार-पाचदा वरखाली करून त्यांनी तो मीटरजवळ सहा एमएमच्या तारेच्या तोंडाशी बसविला. ३६ ची तार, ३२ चा खटका, २२ चा भार. "आता याची जागा बरोबर आहे," ते म्हणाले, आणि ताईंना शेगड्या लावायला सांगितल्या. दोन्ही पूर्ण आंचेवर तासभर चालल्या. मी भिंतीला पाठ लावून बसलो होतो. त्या दिवशीचे डबे साडेअकराला निघाले.